धाकटीची विहीर

"आजी, जरा बाजूला होता का? तुमची सावली पडतेय बाटलीवर."

"पडू दे की गं. माझी सावली काही विरघळत नाही पाण्यात," धाकटी म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर खुदकन हसली.

भिंतीच्या अलीकडे, खिडकीशी, शिवणयंत्रावरचा थोरलीचा पाय थांबला. उशीच्या अभ्र्याची शिवण वाकडी गेली होती. ती उसवायला तिने कात्री उचलली, पण डोळे खिडकीबाहेरच राहिले. हल्ली रोज हेच चालले होते. सकाळी पांढरी गाडी यायची, थोरलीच्या दारावरून धुरळा उडवत पुढे जायची आणि बोळातून वळून मागे धाकटीच्या फाटकाशी थांबायची. गाडीतून पेट्या उतरायच्या, नळ्या उतरायच्या, हातमोजे घातलेली माणसे उतरायची. धाकटी विहिरीच्या कठड्याशी खुर्ची टाकून अशी बसायची, जणू तिच्याच घरी कार्य निघाले आहे. सगळ्यांसाठी चहा करायची. चहा मात्र कोणी घेत नसे. धाकटीला वाटायचे, पोरे लाजतात.

"पाणी भरायला एवढं शिकावं लागतं होय?" थोरली खिडकीतून पुटपुटली. त्या कापलेल्या केसांच्या, गुडघ्यांना चिखल लागलेल्या मुलीचे नाव तिने पहिल्याच दिवशी 'बाटलीवाली' ठेवले होते. मुलगी सरकारी प्रयोगशाळेत रसायने तपासणारी होती आणि सगळ्या कामाची प्रमुख तीच होती. पण थोरलीच्या लेखी ती बाटलीवालीच.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. आळीत त्यांना याच नावांनी सगळे ओळखत. नवऱ्यांच्या माघारी, लेकरे लांब गेल्यावर, एका घराच्या दोन भागांत त्या एकेकट्या राहत होत्या. मध्ये एक भिंत होती. थोरली खुर्चीवर बसली तरी तिच्यावरून पलीकडचे सगळे दिसावे, एवढीच तिची उंची.

घराच्या मागे उतार, उताराखाली ओढा, आणि ओढ्यापलीकडे काटेरी तारेच्या आत बाराचे मैदान. हे नाव लोकांनीच पाडलेले. सैन्याचे मुदत संपलेले तोफगोळे, सुरुंग, रॉकेटांची दारू, जे वापरायच्या लायकीचे उरले नाही ते सगळे तिथे आणून फोडायचे, नाहीतर खड्ड्यात घालून जाळायचे. दुपारी भोंगा व्हायचा, मग बार. थोरली नवी नवरी म्हणून आली तेव्हा पहिल्या बाराला ती पलंगाखाली शिरली होती आणि सासूबाई हसून हसून लोळल्या होत्या. पुढे इतकी सवय झाली की एखाद्या दिवशी बार झाला नाही तर चुकल्याचुकल्यासारखे वाटे. फडताळातली भांडी किणकिणली की बायका म्हणायच्या, चला, येतीलच आता जेवायला. दोघींचे नवरे तिथेच कामाला होते. थोरलीचा मुकादम होता आणि धाकटीचा जाळखड्ड्यावर. मग मैदान बंद पडले. भाऊ एकामागोमाग गेले. गवत कंबरेपर्यंत वाढले, धोक्याची पाटी गंजून तिच्यावरची अक्षरे गळाली, आणि तिथे कधी काही होते हेच सगळे विसरले. आता कुठे वरून हुकूम आला होता की त्या मैदानातून जमिनीत आणि पाण्यात काय काय मुरले आहे ते शोधून काढा.

आणि शोधणाऱ्यांना सापडले कोण, तर धाकटी!

तसे पाहिले तर सगळे आधीपासून धाकटीलाच मिळत आले होते. हे थोरलीचे मत, आणि ते तिने इतकी वर्षे जपले होते की घासून घासून गुळगुळीत झाले होते. धाकटीचा नवरा गुणगुणत घरी यायचा. थोरलीचा आला की आधी चपला सरळ ओळीत ठेवायचा. धाकटीचा मुलगा पहिल्याच फटक्यात पास व्हायचा. धाकटी हसली तर शेजारीपाजारी हसायचे, थोरली हसली तर विचारायचे, काय झालं? आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ती विहीर.

खरे तर विहिरीबद्दल बोलायला थोरलीला तोंड नव्हते. वाटणीच्या वेळी सासूबाईंनी पहिली निवड तिलाच दिली होती. पुढचा भाग, रस्त्याला लागून, नुकत्याच आलेल्या नळासकट. किंवा मागचा भाग, परसू आणि विहिरीसकट. "थोरले, आधी तू सांग," सासूबाई म्हणाल्या होत्या. थोरलीने क्षणाचाही विचार केला नाही. साऱ्या आळीत तो पहिला नळ. पितळेची तोटी, फिरवली की पाणी. जन्मभर दोर कोण ओढत बसणार? वर्ष फिरले नाही तोच नळाला दिवसाआड पाणी यायला लागले, तेही औषधाच्या वासाचे. आणि विहीर मात्र ऐन उन्हाळ्यात डोळ्यांत भरण्याइतकी तुडुंब. येणारा जाणारा म्हणायचा, धाकटीच्या विहिरीचे पाणी म्हणजे अमृत. थोरलीने त्या अमृताचा एक थेंब कधी आपल्या घरात येऊ दिला नाही.

त्या पाण्यावर धाकटीची बाग. बशीएवढाले गुलाब. लिंबाचे झाड फळांच्या ओझ्याने वाकलेले. एकदा भोपळ्याचा वेल भिंतीवर चढून अलीकडे आला आणि थोरलीच्या बाजूला त्याला फळ धरले. थोरलीने रोज त्याच्याकडे पाहिले, रोज तो मोठा झाला. शेवटी तिने कात्रीने देठ कापला आणि भोपळा उचलून भिंतीवर ठेवला.

"तुझा भोपळा आला होता गं माझ्याकडं."

"अहो, ठेवायचा की जाऊबाई!"

"नको बाई. आमच्याकडं भोपळा कोणी खात नाही."

त्या रात्री तिला जेवण गेले नव्हते. भोपळा तिला अतिशय आवडायचा.

"आजी, तुमचे गुलाब काय सुरेख आहेत हो!" खिडकीबाहेर बाटलीवाली म्हणत होती. विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या पेटीत ठेवून ती हात पुसत उभी होती. "खत काय घालता?"

"राख," धाकटी ऐटीत म्हणाली.

"चुलीतली?"

"छे गं. मैदानातली. खड्डा थंड झाला की आमचे हे तळची राख पोत्यात भरून सायकलवरनं आणायचे. म्हणायचे, दारूची राख म्हणजे झाडाला टॉनिक. किती वर्षं आणली! ही परसातली माती त्यांनीच केली म्हण ना."

बाटलीवालीचा हात रुमालातच थांबला. "कुठं कुठं टाकली होती, दाखवता?"

"कुठं म्हणजे? जिथं फूल दिसतंय तिथं."

खिडकीत थोरलीचा जीव जळला. राख! तिनेही एकदा नवऱ्याजवळ एक पोते मागितले होते. मुकादमाने चपला ओळीत ठेवता ठेवता सांगितले होते, तो सरकारी माल आहे. "अहो, राख ती! राखेला कसलं आलंय सरकार?" ती म्हणाली होती. पण त्याने नाही म्हणजे नाही आणली. भावाकडे काणाडोळा केला, बायकोला मात्र नियम दाखवला. ते दुखणे आज पुन्हा ठसठसले. बाहेर बाटलीवालीने नवे हातमोजे चढवले होते आणि ती प्रत्येक गुलाबाखाली गुडघे टेकून चिमुकल्या खुरप्याने माती काढत होती. थोरलीला वाटले, बघा, हिच्या मातीलासुद्धा कोण मान!

पुढल्या महिन्यात गाडीबरोबर साहेब आले. ते आले म्हणजे काहीतरी मोठे आहे हे थोरलीने त्यांच्या बुटांवरून ओळखले. धाकटी खुर्चीत, साहेब कठड्यावर, बाटलीवाली उभी. थोरलीने यंत्राचा पट्टा काढून ठेवला, म्हणजे आवाज नको.

"आजी, या विहिरीचं पाणी आजपासून प्यायचं नाही," साहेब म्हणाले. "स्वयंपाकालाही नाही. रॉकेटच्या दारूतला एक क्षार उतरलाय त्याच्यात. रंग नाही, वास नाही, चव नाही. पण गळ्यातल्या ग्रंथीला तो चांगला नाही."

धाकटीचा हात गळ्याकडे गेला. तिथे गाठ होती. पुष्कळ वर्षांची, हळूहळू वाढलेली. गोळ्या चालू होत्या. लहानपणी तिच्या गोल, भरलेल्या गळ्याचे कौतुक व्हायचे. मग ते कौतुकाचे भरणे कुठे संपले आणि गाठ कुठे सुरू झाली ते कोणाला कळलेच नाही. थोरलीला तर त्या गाठीचाही राग होता. जो तो विचारायचा, धाकटे, कसं आहे गं गळ्याचं? थोरलीचे गुडघे दुखायचे, ते कोणी विचारत नसे.

"या पाण्यामुळं झाली का ही?" धाकटीने विचारले.

साहेबांनी बाटलीवालीकडे पाहिले. "तसं छातीठोक सांगता येणार नाही, आजी," ती हलक्या आवाजात म्हणाली. "नाही असंही सांगता येणार नाही."

मग साहेब पुढचे बोलले. पिण्याचे पाणी उद्यापासून निळ्या कॅनमधून दारात येईल. आणि तपासणी पुरी झाली की ज्या घरांचे पाणी खराब निघेल त्यांना शहरात नव्या वसाहतीत सरकारी घर मिळेल. कायमचे.

त्या दुपारी थोरलीने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवून दिला. धाकटीला नवे घर. धाकटीला दारात पाणी. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात फोटोही आला, विहिरीच्या कठड्याशी बसलेली धाकटी, मागे गुलाब. किराणावाल्याने तो कापून दुकानात लावला. थोरलीने त्याच्याकडून काड्यापेटी घेणे बंद केले.

पण फोटो, कॅन, घर हे सगळे वरवरचे होते. झोपायला पाठ टेकली की तिला भिंतीपलीकडचा अंधार दिसायचा. तिथे दिवा नाही, खोकला नाही, सकाळी बादलीचा आवाज नाही. खिडकीशी बसायचे आणि समोर काहीच नाही. या विचाराला ती पुढे जाऊ देत नसे. त्याच्या जागी ती रागालाच बोलावून आणी. राग सवयीचा होता.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तशी ती बोळात आडवी उभी राहिली.

"आणि माझं काय?"

"तुमचं काय, आजी?" बाटलीवाली खाली उतरली.

"एका घराचे दोन भाग. तिच्याकडं विष, आणि माझ्याकडं नाही? भिंत काय पाताळापर्यंत गेलीय?"

"जमिनीखालचं पाणी उताराच्या अंगानं जातं. तुमची बाजू चढाची आहे. आणि तुम्ही तर नळाचं पिता ना?"

"म्हणजे विषालासुद्धा माझं दार सापडत नाही!"

बाटलीवालीला वाटले आजी विनोद करताहेत. ती मनापासून हसली. मग थोरलीचा चेहरा पाहून म्हणाली, "बरं, तुमच्या अंगणात एक बोअर घेऊन बघू. नाहीतरी चढाच्या बाजूचं पाणी आम्हाला तपासायचंच होतं."

बोअर घ्यायला यंत्र आले. साऱ्या आळीने ते थोरलीच्या दारात पाहिले. दिवसभर घरघर चालली, थोरली ओसरीत खुर्ची टाकून बसली आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत राहिली, "माझ्याकडं पण आहे म्हणतात. निघेलच." संध्याकाळी अंगणाच्या मधोमध एक बारीक पाइप उभा राहिला, वर झाकण. बोअरवाला म्हणाला, "आजी, कुलूप आणायचं राहिलंय. उद्या लावतो. परवा बाई येतील पाणी घ्यायला. हात लावू नका हं."

"मला काय करायचाय हात लावून?" थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आळी जेवून आडवी झाली असताना, थोरली बादली घेऊन बोळातून मागे गेली. वाटणी झाल्यापासून त्या फाटकातून ती बादली घेऊन कधी आत शिरली नव्हती.

धाकटी लिंबाखाली बसली होती. थोरलीच्या हातातली बादली पाहून ती उठायचीच विसरली. मग एकदम घाईघाईने उठली. "जाऊबाई! या, या. पण अहो, पाणी प्यायचं नाहीये हे, ठाऊक आहे ना?"

"प्यायला कोण नेतंय? झाडाला घालायचंय."

"बरं बरं. थांबा, मी ओढते. तुम्हाला सवय नाही."

"मला येतं ओढता."

"अहो, असू द्या. पहिल्यांदा आलात." धाकटीने दोर सोडला, सराईतपणे मनगट फिरवून पोहरा बुडवला आणि हातावर हात टाकत वर ओढला. बादली भरली. फाटकापर्यंत ती स्वतः उचलून घेऊन आली. थोरली दुसऱ्यांदा आली, तेव्हाही तसेच. मग फाटकाला टेकून, तिच्या तोंडाकडे न बघता धाकटीने विचारले, "तुमच्या अंगणात झाड कुठलंय, जाऊबाई?"

थोरली बादली उचलून निघून गेली. अंगणात येऊन तिने झाकण फिरवून काढले आणि तांब्या तांब्याने ते पाणी पाइपात ओतले. थोडे बाहेर सांडले, ते तिने पायाने पुसले.

दुसऱ्या सकाळी बाटलीवाली आली, बरोबर राहून गेलेले कुलूप घेऊन बोअरवालाही. तिने वजन बांधलेली फीत पाइपात सोडली, ती फार खाली जायच्या आतच पाण्याला लागली. तिने फीत वर काढून पाहिली, पुन्हा सोडली.

"असं कसं? परवा पाणी खोल होतं."

थोरली सुईत दोरा ओवत होती. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना.

"झाकणाला हात कुणी लावला होता का, आजी?"

"मीच गं," भिंतीवरून आवाज आला. धाकटी भिंतीवर हनुवटी टेकून उभी होती. "काल झाडांवर पाणी मारत होते भिंतीवरनं. उडालं असेल आत."

"झाकण असताना?"

"ते उघडंच होतं. तुमच्या माणसाला विचार."

बोअरवाला हातातल्या कुलपाशी चाळा करू लागला. बाटलीवालीने एकदा धाकटीकडे पाहिले, एकदा थोरलीकडे. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "काही बिघडत नाही. आम्ही तसंही पाइपातलं पाणी कधी घेत नाही. पाइपात साचलेलं असतं ते काहीही असू शकतं. ते आधी सगळं उपसून टाकायचं. बराच वेळ. मग जमिनीतून नवं येतं, ते खरं इथलं. आज जरा जास्तच उपसू, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन बघू."

तिने बारीक पंप आत सोडला. पाणी नळीतून पिंपात पडायला लागले. थोरलीने आणलेल्या बादल्या गेल्या, त्यांच्या मागून गढूळ पाणी गेले, मग हळूहळू निवळ यायला लागले. उपसलेले पाणीसुद्धा बाटलीवालीने तिथे टाकले नाही, पिंपाला झाकण लावून गाडीत चढवले. थोरली बघत राहिली. त्या पोरीला सगळे कळले होते. तिने सुई खाली ठेवली.

संध्याकाळी धाकटी पुन्हा भिंतीशी आली.

"जाऊबाई."

"काय?"

"विष हवं होतं होय तुम्हाला?"

थोरली यंत्रावरचे कापड घडी करत होती. घडी मोडून तिने पुन्हा केली. "तुला मिळालेलं काय मला नको होतं कधी?" तिच्या तोंडून निसटले.

धाकटीने गळ्यावर हात ठेवला. "ही पण?"

थोरलीने वर पाहिले. त्या गाठीकडे तिने आजवर नुसतेच डोळे वटारले होते. नीट आता पाहिले. संधिप्रकाशात ती धाकटीच्या बोटांआड मावत नव्हती. थोरले, आधी तू सांग. तिने नळाऐवजी विहीर म्हटले असते, तर आज हा हात तिच्या गळ्यावर असता आणि भिंतीच्या या बाजूला धाकटी उभी असती. गाठ तिचीच होती. घर चुकून पलीकडे गेली होती.

"बस ना," थोरली म्हणाली. मग तिच्या लक्षात आले की मध्ये भिंत आहे.

"उभीच बरी. एक सांगू? तुमची तोटी सोडली की आवाज यायचा मला. सूंऽऽ करून. माझं अंग जळायचं त्या आवाजानं. पोटुशी होते, दिवस भरत आले होते, तरी दोर ओढत होते मी. हे हात बघा. आणि तुम्ही नुसती तोटी फिरवायच्या. सासूबाईंना मी मनातल्या मनात काय काय बोलले असेन!"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलून काय? तुम्ही माझ्याकडं बघून जळताय हे दिसत होतं की. म्हटलं, असू दे. आपल्याकडचं कुणाला तरी हवंसं वाटतंय. तेवढंच बरं वाटायचं."

"मेली!" थोरली म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसता हसता थोरलीचा चेहरा एकदम उतरला. "कधी जायचंय?"

"तुमच्या पाण्याचं कळलं की. तिसरा मजला आहे म्हणे."

"आणि मी इथं कुणावर जळू?"

धाकटीने भिंतीवरून हात पुढे केला. थोरलीने तो धरला नाही, पण त्याच्याशेजारी आपला हात भिंतीवर ठेवला. अंधार पडेपर्यंत दोन्ही हात तिथेच होते.

निकाल आणला तो बाटलीवालीने स्वतः. दोन्ही वेळचे पाणी चांगले निघाले होते. "आजी, अभिनंदन! तुमची जागा अगदी स्वच्छ आहे. आता दर हंगामात आम्ही तुमच्याकडूनच चांगलं पाणी नेणार, बाकीच्यांशी ताडून बघायला."

"बरं," थोरली म्हणाली. नापास झालेल्या मुलाने म्हणावे तसे.

धाकटी गेली तेव्हा तिला एक रोपसुद्धा नेऊ दिले नाही. मुळाला माती असते, साहेब म्हणाले. ती भांडली, रडली, शेवटी गाडीत बसली. खिडकीची काच खाली करून म्हणाली, "पाणी घालू नका म्हणतात. नका घालू. पण बघत जा, जाऊबाई. कुणी बघितलं नाही तर झाडं हिरमुसतात."

"बघितल्याशिवाय केलंय काय मी जन्मभर?" थोरली म्हणाली.

मग आठवडे गेले. विहिरीच्या तोंडावर सिमेंटचे झाकण बसले. आणि एके दिवशी धाकटीच्या मुलाचा फोन आला. "मोठी काकू, परसातली मातीही खराब निघालीय. राखेमुळं. ती सगळी खणून नेणार आहेत. आईला एवढ्यात सांगू नका. तिचं ऑपरेशन होऊन जाऊ दे गळ्याचं." थोरली बरं म्हणाली.

माणसे आली ती पांढऱ्या पोशाखात, तोंडे झाकून. पिवळे यंत्र बोळात मावेना म्हणून त्यांनी भिंत अर्धी पाडली. थोरली शिवणयंत्राशी बसली होती; तिच्या समोर आता आडोसा असा राहिलाच नव्हता. यंत्राने सोंड खाली घातली, आणि गुलाबाचा पहिला ताटवा मुळासकट वर उचलला गेला. खालून काळी, भुसभुशीत, दृष्ट लागण्यासारखी माती निघाली.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीच.

"काय करताय जाऊबाई?"

"शिवतेय. तू कशी आहेस? तारीख दिली का डॉक्टरांनी?"

"सोमवारी. भीती वाटते हो थोडी." पलीकडून तोटी सोडल्याचा आवाज आला. "इथं नळ आहेत. स्वयंपाकघरात एक, न्हाणीत एक. उगाच सोडते नि बघत बसते."

"मजा आहे बाई एका माणसाची."

"जाऊबाई, बाग कशी आहे?"

बाहेर माती ट्रकमध्ये पडली. दोन माणसांनी तिच्यावर ताडपत्री ओढली. यंत्र लिंबाकडे वळले.

"कशी असायचीय?" थोरली म्हणाली. "माजलीय नुसती. पाणी नाही, काही नाही, तरी फुलतेय. सकाळी खिडकी उघडली की डोकं फिरतं माझं."

"खरंच?" पलीकडे धाकटीचा आवाज उजळला. "जळता का अजून?"

"जळते तर! सुख लागू देत नाहीत तुझी झाडं मला."

"घरघर कसली येतेय?"

"रस्त्याचं काम काढलंय. थांब, खिडकी लावून घेते."

थोरली उठली. एका हाताने फोन कानाशी धरून तिने दुसऱ्या हाताने खिडकीची दोन्ही दारे ओढली आणि कडी घातली. खोलीत अंधार झाला. ती चाचपडत खुर्चीत येऊन बसली.

"हं, सांगा," धाकटी म्हणाली. "फाटकापासनं सांगा."

"फाटकापाशी तो तांबडा," थोरलीने डोळे मिटून सुरुवात केली. "त्याला खालच्या फांदीला दोन कळ्या आहेत, एक उद्या उमलेल. त्याच्या पलीकडं पिवळा, तो जरा झुकलाय, तू काठी लावली होतीस ना, ती सैल झालीय. मग पांढरा..."

ती एकेक झाड सांगत गेली. तिला सगळी पाठ होती.